गुरुवारचं पब्लिक

पिक्चर कसा आहे हे पब्लिकला विचारायचं नसतं. विचारलं की माणूस विचार करून बोलतो, आणि विचार करून बोललेलं आमच्या धंद्यात काही कामाचं नाही. खेळ सुटला की दारापासून गाडीतळापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतात. तेवढ्यात तोंडातून जे निघतं ते खरं. पुढं माणूस गाडीची चावी शोधायला लागतो, बायको भाजीचं काढते, मग संपलं.

मी आकुर्डीच्या बाजूच्या एका टॉकीजमध्ये छत्तीस वर्षं ऑपरेटर होतो. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात ऑपरेटर म्हटलं की लोकांना प्रेसवरचा नाहीतर लेथवरचा माणूस वाटतो, म्हणून सांगतो, मी पिक्चर चालवणारा ऑपरेटर. पडद्यासमोरच्या भिंतीत वर चौकोनी झरोका असतो ना, त्याच्यामागच्या खोलीत माझा जन्म गेला. रिळं होती तेव्हा हाताला चटके बसायचे. रीळ तुटलं की खालून पब्लिक माझ्या आईबापाचा उद्धार करायचं, आणि मी वर पट्टी चिकटवत तिकडूनच त्यांना प्रसाद द्यायचो. मग डिजिटल आलं. पिक्चर कुलूपबंद डब्यात येतो, त्याची किल्ली मुंबईहून कॉम्प्युटरवर येते. ऑपरेटरनं बटण दाबायचं आणि बसायचं. कधी थांबला, किती वेळ थांबला, सगळी नोंद आपोआप वर जाते. कापाकापी नाही, चिकटवाचिकटवी नाही. माझ्यासारख्याला ती बसून खायची शिक्षाच होती.

म्हणून मी खाली दाराशी उभा राहायला लागलो. पहिल्या खेळाच्या इंटरव्हलला आणि खेळ सुटल्यावर वितरकाच्या हापिसातून फोन यायचा, "बोला, पब्लिक काय म्हणतंय?" ह्याला आम्ही पब्लिक रिपोर्ट म्हणायचो. काम खरं मॅनेजरचं. पण आमचे देसाई साहेब शर्ट इन करून दाराशी उभे राहिले की लोक बोलायचेच थांबायचे. मी आपला लेंगा-शर्टात तंबाखू मळत उभा. माझ्याकडं कोण बघतंय?

नमुने एकेक. एक रिटायर फोरमन दर शुक्रवारी बाराच्या खेळाला यायचे. मारामारीचं चेकिंग करायचे. बाहेर पडताना 'ओके' म्हणायचे, नाहीतर 'रिजेक्ट'. कारण द्यायचे नाहीत. एक बाई कडेवर पोर घेऊन यायची. पोर रडल्यावर ती पॅसेजमध्ये येऊन, त्याला थोपटत दाराच्या फटीतनं बघत राहिली, तर मी बिनधास्त सांगायचो, "चालणार." पोर रडलं आणि ती सरळ घरी गेली, तर पडला. पेपरवाले स्टार देतात. त्यांनी त्या बाईला विचारायला पाहिजे होतं.

हे मी फुशारकीनं सांगतोय हे मला कळतंय. सांगू द्या. पुढं जे सांगायचंय त्यात फुशारकीला जागा नाही.

बाहेरच्यांना एक गोष्ट माहीत नसते. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. वीज वाटून द्यायची म्हणून कधीकाळी ठरलं आणि तेच चालू राहिलं. सगळा देश रविवारी पिक्चर बघतो, आमचा कामगार गुरुवारी. पिक्चर लागतो शुक्रवारी, म्हणजे आमचं खरं पब्लिक येतं ते अगदी शेवटच्या दिवशी. तोवर पेपरात त्याचं तेरावं उरकलेलं असतं. किती चांगले पिक्चर गुरुवार उजाडायच्या आत उतरवले गेले ह्याचं मला फार वाईट वाटायचं. बिचाऱ्यांनी आमचं पब्लिक बघितलंच नाही.

तो पिक्चर आला तेव्हा टॉकीजला घरघर लागली होती. शेठनी सांगून टाकलं होतं, "नाना, हा एक आठवडाभर टिकला तर बघू. न्हाईतर कुलूप लावतो. आता हौस पुरे झाली." पिक्चर हिंदी, मारामारी आणि कॉमेडीचा. दक्षिणेकडच्या एका पिक्चरवरून काढलेला. एक भुरटा चोर पोलिसांना चुकवायला एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागतो आणि मग गोंधळ. मूळचा पिक्चर डबिंग केलेला मोबाईलवर फिरत होता. कुरुळीच्या, चाकणच्या खोल्याखोल्यांतनं पोरांनी तो दहा-दहादा बघितला होता. मी नव्हता बघितला. माझा आपला बाणा, पिक्चर पडद्यावरच बघायचा. आणि गंमत अशी की डिजिटल आल्यापासून पडद्यावरचाही मी धड बघत नव्हतो. बटण दाबून खाली यायचो आणि दाराबाहेर उभा राहून आतलं हसू ऐकायचो.

शुक्रवार ते रविवार रिपोर्ट मिळमिळीत. आकुर्डीची कॉलेजची पोरं म्हणाली, "ओरिजनलच्या पायाची धूळ नाही." पुनावळ्याच्या सोसायटीतलं एक जोडपं म्हणालं, "टाइमपास आहे, मुलं खूश आहेत." फोरमन म्हणाले, "रिजेक्ट." पण तिन्ही दिवस, प्रत्येक खेळाला, इंटरव्हलच्या जरा आधी हॉलमधनं मोठं हसू उठायचं. सरळ भिंतीतून बाहेर यायचं. मी डोअरकीपर तुकारामला विचारलं, "काय रे चाललंय?" तो तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "मशिनचा शीन हाय." मला तेवढं पुरलं.

सोमवारी वितरकाचा फोन. "काका, उद्यापासून तुमचे खेळ कमी करतोय. काही दम नाही पिक्चरमध्ये."

मी म्हटलं, "राव, तुमचा रविवार झाला, आमचा अजून व्हायचाय. मशिनच्या सीनला लोक लोळतात. माझं पब्लिक मशिनवालं आहे. गुरुवार येऊ द्या, मग बोला."

आजवर माझा रिपोर्ट खोटा निघाला नव्हता, म्हणून त्यानं ऐकलं.

आता दत्ताचं सांगतो. कुरुळीला आमच्या वडिलोपार्जित जागेत मी दहा खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. त्यातल्या एकीत दत्ता आणि त्याची बायको सुनीता राहायची. दोघं लातूरकडची. दत्ता एका बारक्या प्रेस शॉपमध्ये कामाला होता, पत्र्याचे पार्ट काढायचा. हसरा पोरगा. खोलीत बोलला तर चार खोल्यांत ऐकू जायचं. आठ महिन्यांपूर्वी प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

तेव्हापासून तो खोलीबाहेर पडला नव्हता. हात कायम खिशात. जेवायचा तो भिंतीकडं तोंड करून, डाव्या हातानं जेवताना कुणाला दिसू नये म्हणून. सुनीता एका कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटायला जायची आणि आल्यावर बघायची, तर सकाळी जिथं बसवून गेली तिथंच हा बसलेला.

मंगळवारी सकाळी ती नळावर भेटली. बादली भरली तरी उचलेना. मग म्हणाली, "काका, तुमच्या टाकीला तो मशिनचा पिक्चर लागलाय म्हनं?"

"लागलाय की."

"ह्यांनी तो मोबाईलवर बगितलाय. त्यात एका हेल्परचा हात मशिनखाली जातो आन् हिरो पळत येऊन लाल बटन दाबतो. मशिन वरच्यावर थांबती. हे तेवढंच लावतात, माघारी घेतात, पुन्यांदा लावतात. तेवढ्यापुरतं हासल्यावानी करतात बगा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ह्यांची मशिन त्या दिवशी सकाळधरनं डबल मारत होती. एकदा दाबली की दोनदा खाली यायची. ह्यांनी दोन बार सांगितलं. सायेब बटनापाशीच हुबा होता. म्हनला, लॉट सरू दे, मग बंद करू."

मी नळ बंद केला.

"तुमच्यातला शीन त्योच हाय ना, काका? आठ महिन्यात हासले न्हाईत. एकदा माणसांत बसून हासू द्या त्यांना. तुम्ही म्हनला तर येतील."

मला मूळचा सीन माहीत नव्हता. हिंदीतला मी बघितला नव्हता. मी फक्त लोकांचं हसू ऐकलं होतं. 'बघून सांगतो' असं म्हणायला काय पैसे पडत होते? पण छत्तीस वर्षांचा सिनेमातला माणूस, भाडेकरणीसमोर 'मला माहीत नाही' कसं म्हणेल? उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "त्योच गं. त्याच्यापेक्षा भारी. पब्लिक हसून हसून लोळतंय. घेऊन ये त्याला, मी सांगतो."

मी दत्ताला स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मोठ्या पडद्यावर तो शीन कसा दिसत आसंल, काका?" डोळे जरा चमकले त्याचे. त्या आनंदात मी आजूबाजूच्या खोल्यांतही दवंडी पिटली, "तुमच्या धंद्यावरचा पिक्चर आहे, चला रे." साठ-सत्तर जण तयार झाले. पट्ट्यात सगळीकडं मोबाईलवरून पसरलं.

गुरुवारी बाराच्या खेळाला हाउसफुल्लची पाटी लागली. किती वर्षांनी लागली! तुकारामला ती माळ्यावरून शोधून, पुसून आणावी लागली. शेठ स्वतः आले आणि पाटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतले. दत्ता नवा शर्ट घालून आला होता. त्याला मधल्या रांगेत, कडेची खुर्ची दिली, म्हणजे डावा हात मोकळा राहील आणि उजवा सुनीताच्या बाजूला.

त्या दिवशी मी केबिनमध्येच थांबलो. मला दत्ताला हसताना बघायचं होतं. आणि तो हसला हो! अर्ध्या तासात त्याचे खांदे हलायला लागले. सुनीतानं मागं वळून वर माझ्या झरोक्याकडं बघितलं. अंधारात तिला मी दिसत नसणार, तरी बघितलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला रिपोर्ट तोच होता.

तेवढ्यात तुकाराम चहा घेऊन वर आला. म्हणाला, "नाना, त्या हात गेलेल्या पोराला कशाला आनलं ओ? आता बोटं तुटायचा शीन हाय."

"तुटत नाहीत, मशिन थांबते."

"कुटली थांबती! चार बोटं पडत्यात ट्रेमधी. मग तो जोकर ती उचलून मोजतो आन् पाचवं कुटंय म्हनून टेबलाखाली हुडकतो. त्यालाच तर हासत्यात लोक."

चहा माझ्या हातातच राहिला. तुकाराम दिवसाला चारदा तो पिक्चर बघत होता. त्याला विचारायचं सोडून मी भिंतीला कान लावून बसलो होतो. घड्याळ बघितलं. सीनला दहा मिनिटं होती.

दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ असतात. खाली जाऊन दत्ताला 'फोन आलाय' म्हणून बाहेर काढता आलं असतं. मी देसाई साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "नाना, शुद्धीवर आहात का? साडेसहाशे लोक बसलेत आत. शेठ माझ्या शेजारी उभे आहेत. थांबवलात तर खुर्च्या फोडतील, आणि वर नोंद जाईल ती वेगळी. एका माणसासाठी?"

मी म्हटलं, "बघतो."

केबिनच्या भिंतीवर एक लाल बटण असतं. आग लागली, चेंगराचेंगरी झाली तर दाबायचं. दाबलं की पडदा काळा होतो आणि हॉलमध्ये दिवे लागतात. मी तिथं जाऊन उभा राहिलो. बोट बटणावर ठेवलं. दत्ता हसत होता. मनात म्हटलं, आत्ता दाबलं तर त्याचं हसू मोडेल, जरा थांबू. मग म्हटलं, तुकाराम काहीतरी वाढवून सांगत असेल. मग शेठचा फोटो आठवला, मग माझा रिपोर्ट आठवला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर न दाबायला ढीगभर काड्या मिळत होत्या.

पडद्यावर प्रेस आली. अख्ख्या हॉलनं शिट्ट्या मारल्या. "आला रे आला, आपला शीन आला!" सगळ्यांनी मोबाईलवर बघितलेला, सगळे हिरोची वाट बघत होते. दत्ता खुर्चीत पुढं सरकला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याचा उजवा हात खिशातून बाहेर आला. दोन्ही हात त्यानं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

प्रेस खाली आली आणि थांबली नाही.

शिट्ट्या तुटल्या. मागच्या रांगेत दोन-तीन कॉलेजची पोरं खिदळली आणि तीही गप्प झाली. पडद्यावर जोकर बोटं मोजत होता, मागं पिपाणी वाजत होती. ती पिपाणी साडेसहाशे माणसं गप्प बसून ऐकत होती. त्यांतल्या कितींचे हात पुरे होते, देव जाणे. सुनीतानं पदर ओढून दत्ताच्या हातावर टाकला. त्यानं हात काढून घेतला नाही. तो पडद्याकडं बघत राहिला.

सीन चार मिनिटांचा होता. चारही मिनिटं माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं नाही.

इंटरव्हलला मी खाली चहाच्या टपरीशी जाऊन उभा राहिलो. सवयच ती. एक दाढीवाला माणूस, ज्याची तर्जनी अर्धीच होती, तो चहाचा ग्लास धरून म्हणाला, "ओरिजनलमधी मशिन थांबती, राव. ह्यांनी थांबवायचंच काढून टाकलं."

त्याचा जोडीदार म्हणाला, "ज्यानं लिवलंय त्यानं प्रेस बघितली तरी आसंल का, भावा?"

"कशाला बघंल? त्याची दहाच्या दहा शाबूत हायती."

रिमेकवर पेपरांत बरंच काही छापून आलं होतं, पण एवढा पक्का रिपोर्ट मी कुठं वाचला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "काका, हाउसफुल्ल म्हणे! तुमचं खरं निघालं! मशिनच्या सीनला काय झालं?" मी म्हटलं, "कोणी हसलं नाही." तो म्हणाला, "नेटवर्क नाही का तिथं? आवाज तुटतोय." मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पिक्चर उतरला. शेठनी पुढच्या उन्हाळ्यात टॉकीज बंद केली, तिथं आता पत्रे ठोकलेत. दत्ता आणि सुनीता महिन्याभरात खोली सोडून गावी गेली. जाताना सुनीता माझ्या बायकोच्या पाया पडली. माझ्याही पडली. एका शब्दानं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

एवढं लिहून थांबणार होतो. पण त्या इंटरव्हलमधलं एक सांगायचं राहिलं, आणि ते सोडलं तर हा रिपोर्ट खोटा होईल.

फोन ठेवून मी जिना चढून वर गेलो, तर केबिनच्या दारात दत्ता उभा. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. मी तयार होतो, खरं तर मला त्या हव्याच होत्या. तो आत येऊन मशिन न्याहाळायला लागला. त्याची ती जुनी सवय, मशिन दिसलं की वाकून खालनं-वरनं बघायचा. भिंग बघितलं, पंखा बघितला, झरोक्यातनं खाली आपली रिकामी खुर्ची बघितली. मग भिंतीवरच्या लाल बटणापाशी थांबला.

"हे कशाचं, काका?"

"थांबवायचं."

"चालू पिक्चरमधी दाबलं तर थांबतो?"

"थांबतो."

"लगेच?"

"लगेच."

त्यानं मान हलवली. डाव्या हाताच्या बोटानं बटणावरची धूळ पुसली. धूळ फारशी नव्हतीच, चार मिनिटं माझंच बोट होतं तिथं.

"आमच्याकडं बी होतं," तो म्हणाला, आणि उजवा हात खिशात घालून खाली गेला.